एकवचनी बाई

बाईंना अनेकवचनाचा राग होता. वर्तकनगरच्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहत. शाळेत आयुष्यभर मराठी व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या. जिन्यात कुणी "ही लोकं अशीच असतात" म्हणालं, की त्यांचं दार उघडे. "लोकं नव्हे, लोक. आणि आता तेच वाक्य एकवचनात म्हणा. कोण? नाव सांगा." नाव बहुधा सांगता येत नसे. सगळे त्यांना 'एकवचनी बाई' म्हणत, अर्थात पाठीमागे.

मी वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांवर काम करते. मला व्याख्या लागतात. एकदा बातमीत तो शब्द वाचून मी बाईंना विचारलं, "किती माणसं मेली की वंशसंहार म्हणायचा?"

"अगं, ते आकड्यावर ठरत नाही. अमुक समूहच उरू नये, म्हणून त्यात जन्मलेलं तान्हं मूलही मारायचं ठरतं, तेव्हा तो वंशसंहार. हेतू बघायचा."

"आणि सुरुवात कशाने होते?"

"नपुंसकलिंगाने." मला हसू आलं, त्यांना नाही. "'तो आला' म्हणतात तोवर ठीक. 'ते आलं बघ' म्हटलं की माणसाची वस्तू झाली. मग येतात कचरा, घाण, कीड. कीड एकेक करून मोजतं का कुणी?"

मी हरकत घेतली. जिन्यातल्या कुजबुजीपासून कत्तलीपर्यंत सरळ रेघ ओढणं अशास्त्रीय होतं. मध्ये सत्ता लागते, शस्त्रं लागतात, कुणीतरी पद्धतशीर पेरलेली भीती लागते.

"मान्य," बाई म्हणाल्या. "असं बोललं जातं त्या बहुतेक सभा चहा पिऊन संपतात. पण जिथे संपल्या नाहीत, तिथेही आधी सभाच झाली असेल ना?"

आवश्यक अट, पुरेशी नव्हे. माझ्याच भाषेत त्यांनी मला गप्प केलं होतं.

त्याच वर्षी त्यांनी आपली एक खोली नाझिया नावाच्या परिचारिकेला भाड्याने दिली. लगेच सोसायटीची सभा भरली. सचिव मृदू आवाजात म्हणाले, "मुलगी चांगली आहे हो, बाई. पण एक आली की मागून सगळी येतात. कीड वेळीच रोखलेली बरी."

"कीड कोण? नाझिया?"

"छे छे, तिला नाही म्हणत!"

"मग कुणाला?"

सचिवांनी खोली रिकामी करावी असा ठराव मताला टाकला. आम्हा दोघींचे सोडून सगळ्यांचे हात वर झाले.

खोली बाईंची होती आणि त्या हटणाऱ्या नव्हत्या. पण नाझिया दिसली की आया मुलांना घरात ओढून घेऊ लागल्या. तिच्या "नमस्ते"ला कुणी उत्तर देईना. एके सकाळी तिने सामान बांधलं. "बाई, मी आंबिवलीला खालाकडे जाते."

"अगं, मी आहे ना!"

"तुम्ही एक आहात, बाई. ते सगळे आहेत."

बाई दाराची कडी धरून उभ्या राहिल्या.

रिक्षा आली तेव्हा सचिव फाटकातच होते. त्यांनी आपणहून नाझियाची बॅग उचलून आत ठेवली, तिच्या ओढणीचं टोक चाकापासून बाजूला केलं. "सांभाळून जा हं, बेटा," ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

बाई त्यानंतर वर्षभरात वारल्या. सचिवांच्या त्या स्वरात द्वेष होता का, हे त्यांना विचारायचं राहून गेलं. मला तो ऐकू आला नव्हता.