कौनसे परसों?

नुसत्या 'छान' या शब्दावर माझ्या आत्येसासूबाईंना गप्प बसवू शकेल असा माणूस अख्ख्या हैदराबादेत जन्माला आलेला नाही. सरकारी योजना खरंच चालतात की नाही हे तपासण्यात त्यांची नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतरही ते खूळ सुटलं नाही. मलकपेठेत आमच्याकडे हळदीकुंकू झालं की त्या एकेका बाईला जिन्याशी गाठून विचारायच्या, "मसालेदूध कसं होतं?" चारचौघींत सगळ्या छानच म्हणतात, म्हणून एकेकीला! मला बघायला पुण्याला आल्या तेव्हा "स्वयंपाक येतो का?" असं त्यांनी विचारलंच नाही. "शेवटचा केव्हा केलास?" म्हणाल्या. मी गडबडून खरं तेच बोलून गेले. त्यावरच त्यांनी मला पसंत केलं म्हणे.

पुढे एका संस्थेने छोट्या शेतकऱ्यांसाठी चालवलेल्या योजनेची तपासणी त्यांच्याकडे आली. सल्लागाराने दर पंधरवड्याला शेतावर जाऊन पीक बघायचं, अशी ती योजना. फॉर्म भरायला आत्यांनी मला नेलं. सल्लागार शेवटचे केव्हा आले होते, असं विचारलं की जो तो म्हणे, "परसों आए थे ना, अम्मा." परसों म्हणजे परवा, एवढं काय मला कळत नाही? मी घरोघर 'परवा' लिहीत सुटले. संस्थेचे साहेब खूश. "मॅडम, इतकं उत्तम चाललंय तर इथलं काम पूर्ण झालं म्हणून मिटवून टाकू. सही करा."

आत्यांनी पेनाला टोपण लावलं. "परवा माणूस येऊन गेला आणि तूर अशी उभी वाळतेय?" असं म्हणत त्या भर उन्हात एका शेताच्या बांधावर फतकल मारून बसल्या. शेतकऱ्याला म्हणाल्या, "भाई, कौनसे परसों?"

"बच्ची की शादी के पैले, अम्मा."

ती बच्ची कडेवर मूल घेऊन शेजारीच उभी होती! इथल्या परसोंमध्ये कालपासून दहा वर्षांपर्यंत काहीही मावतं, हे मला बाई कोण सांगणार? मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्या मात्र एका शब्दानं रागावल्या नाहीत. दुखऱ्या गुडघ्यांनी पुन्हा घरोघर फिरल्या. कुणाला लग्न आठवायला लावलं, कुणाला बारसं, कुणाला म्हैस व्यायली तो दिवस. मी थक्क होऊन नुसती मागून चालत होते. साहेबांनी बजावलं, "असा अहवाल दिलात तर पुन्हा काम मिळणार नाही." "तर नक्को," म्हणाल्या, आणि होतं तसं लिहिलं.

काम खरोखरच पुन्हा आलं नाही. पुढच्या हंगामात तो शेतकरी तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन मलकपेठेत दारात हजर.

"अम्मा, साब आए थे. अब बराबर आते."

"कब आए थे?"

"परसों."

आत्यांनी चष्मा वर केला. "कौनसे परसों?"

"असली परसों, अम्मा! सोमवार कू!"

आत्या इतक्या हसल्या की डोळे पुसायची वेळ आली. शेंगा त्यांनी स्वतः उकडल्या आणि आम्हा सगळ्यांना एकेकट्याला गाठून विचारलं, कशा झाल्यात.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागे दिलसुखनगरला त्यांच्या ऑफिसातल्या एक जुन्या मैत्रीणबाई भेटल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. "अगं, केव्हा गेल्या?" त्यांनी विचारलं.

"परसों," मी म्हणाले. कौनसे परसों, हे विचारायला आता कुणी नव्हतं.