आधी नाव, मग चहा

आमच्या उपकेंद्राची नर्सबाई ज्या घरी बाळंतीण असे, त्या घरचं पाणी घ्यायची, चहा मात्र नाही. बाराव्या दिवशी यायची, पाळण्यात डोकवायची आणि विचारायची, "काय ठेवलं नाव?" नाव ऐकलं की मग टेकायची. "आधी नाव, मग चहा," हे तिचं ठरलेलं. असं का, ते मी कधी विचारलं नाही. बाईमाणसाला काही विचारणं माझ्या स्वभावात नव्हतं.

राजूरच्या खाणमजुराची लेक ती. तोंडानं फटकळ, पण खोटं बोलत नसे. लेकरू दगावलं तर "देवानं नेलं" म्हणायची नाही, "श्वास घेता आला नाही त्याले" म्हणायची. लोकांना राग यायचा. मलाही यायचा. मी चौथी शिकलेला, पण माझ्यासारखी कपाशी राळेगाव तालुक्यात कोणी पिकवून दाखवावी. मला कोणी शिकवलेलं खपत नसे.

सून शोभा पाचव्या महिन्यात होती तेव्हा बाई अंगणात येऊन म्हणाली, "आबाजी, पोट मोठं दिसून राह्यलं. यवतमाळले नेऊन सोनोग्राफी करा."

"वेचणी चालू हाय," मी म्हणालो. "माह्या मायनं सात पोरं काढले. तिले कोणती मशीन होती?"

"सातातले जगले किती?"

तीन जगलो होतो. शोभाला मी पाठवलं नाही. मुलगा माझ्या शब्दाबाहेर नव्हता.

आठव्या महिन्यात शोभाला धाप लागू लागली, तेव्हा नेलं. ऑपरेशन करून दोन मुली काढल्या. छातीपासून बेंबीपर्यंत जोडलेल्या, समोरासमोर, गळ्यात गळा घातल्यासारख्या. हृदय दोघींत एकच. वेगळं करता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. लोक मोबाईल घेऊन जमले, कोणी हात जोडू लागले. बाई भेटायला आली होती. तिनं खाटेला शाल बांधून आडोसा केला. "देव पाहाचा असन तर देवळात जा. इथं दोन लेकरं हायेत." तिसऱ्या दिवशी दुपारी दोघी एकदमच गेल्या.

घरी बाया बसायला आल्या. त्यांच्यासमोर मी बोललो, "जत्रेत जुळं केळं खाल्लं इनं. म्या सोता पाह्यलं." आमच्याकडे पोरीबाळींना जुळं फळ देत नाहीत. शोभा उठून आत गेली.

हे बाईच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी ती सरळ माझ्या बाजेपुढे उभी राहिली. "आबाजी, एका बीजाचे दोन जीव व्हायले निघतात. येळेवर सुटले तर जुळे. सुटता सुटता राह्यले तर असे. काहून राह्यतात, ते मोठ्या डॉक्टरायले बी पुरतं ठाऊक नाही. पण केळ्यानं होत नाही, सूर्य-चंद्राच्या गिरानानं होत नाही."

"मंग चूक कोनाची?"

"कोनाचीच नाही. जुळे केळे मी लहानपनापासून खाल्ले. मले तं एकही लेकरू झालं नाही."

बाराव्या दिवशी ती पुन्हा आली. त्याच बाया बसलेल्या. म्हणाली, "चहा प्यायले आली."

"बारसं कुठं हाय, बाई?" मी म्हणालो.

"दोन पोरी जन्मल्या, तीन दिवस जगल्या. नावं सांगा."

आतून शोभाचा आवाज आला, "गौरी. अन् गंगा."

चहा आला. बाईनं कप हातात धरला, तोंडाला लावला नाही. माझ्याकडे बघत राहिली. चहावर साय धरली. बाया खाली मान घालून बसल्या होत्या. शेवटी मी म्हणालो, "शोभाची चूक नव्हती. केळ्याचं म्या उगाच बोललो. मशीनले बी मीच नाही म्हनलं."

तो गार चहा ती एका घोटात प्याली.

तिला एसटीपर्यंत सोडायला गेलो. वाटेत विचारलं, "पाचव्यात नेलं असतं तं वाचल्या असत्या?"

"नाही. हृदय एकच होतं." थोडं चालून म्हणाली, "पन शोभाले आधी समजलं असतं. रडायले, ठरवायले येळ भेटला असता. तो तुम्ही घेतला."

पुढं तिची पांढरकवड्याला बदली झाली. शोभा नीट वागते, जेवायला वाढते, आबाजी म्हणते. बाजाराच्या दिवशी मी केळी आणतो. ती एक देवापुढे ठेवते, बाकीची म्हशीला घालते.