लाल चौकटीतली तीन अक्षरं

अंगात येणाऱ्या बाईच्या डोक्यावर गार पाणी ओता म्हणणारी मी. करणी-बिरणी, भूत-खेत असलं कुणी सांगायला लागलं की मी तोंडावर हसायची. त्यामुळं हे वाचून कुणी "आजी, भास झाला असेल" अशी कमेंट टाकणार असेल तर कृपा करून टाकू नका. भास एकाला होतो, इथं चौघांनी भर दुपारी बघितलंय. आणि मला भीती नाही वाटली... राग आला. तो अजून गेलेला नाही.

लातूर नवीन जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. आम्ही गंजगोलाईच्या मागं राहायचो. आमचे मालक, म्हणजे माझे मिस्टर, शंकर पेंटर. गावातल्या एकूण एक पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' करायचं काम निघालेलं, यांना जेवायला उसंत नव्हती. यांचा हात अक्षराला चांगला, चित्राला मात्र बिलकुल नाही. बैल काढला तर शेळी दिसायची, खरं बोलायला काय जातंय! चित्रं मी काढायची. आधी चौकोन आखायचे, मग एकेक चौकोन बघून उतरवायचा. मला लिहिता-वाचता येत नव्हतं, सहीला अंगठा. पण रेघ म्हणाल तर माझी.

त्यात दुष्काळ. टँकर कधी यायचा, कधी नाही. नवे साहेबलोक येणार म्हणून स्टँडजवळ एका आप्पांनी लॉज बांधलं. त्यांचे जावई नांदेडला, विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवायचे. त्यांनी जपानचं एक कॅलेंडर आणलेलं, जुन्या काळी लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांचं. डोंगराएवढी लाट, पुलावर पावसात पळणारी माणसं, बर्फातलं देऊळ. आप्पा म्हणाले, "नळाला पाणी न्हाई, भिंतीवर तरी असू द्या." सात खोल्या, सात चित्रं. हार्डबोर्डवर, ऑइल पेंटमध्ये, हुबेहूब.

जावई कॅलेंडर द्यायला घरी आले तेव्हा मी आतून ऐकत होते. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात लाल चौकट होती, आत जपानी अक्षरं. ते म्हणाले, "हा चित्रकाराचा शिक्का. म्हणजे बघा, काढणारा एक, लाकूड कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा. नाव मात्र एकाचंच मोठं झालं."

हे म्हणाले, "व्वा!" मी आत भाकरी थापत होते.

दोन महिने खपले मी त्या सात फळ्यांवर. पावसाच्या रेघा बारीक ब्रशनं, श्वास धरून ओढायच्या. टँकरचा भोंगा वाजला की घागर घेऊन पळायचं, भांडून पाणी आणायचं, आणि परत येऊन पाऊस काढत बसायचं. हे संध्याकाळी यायचे, "जमलंय" म्हणायचे, जेवायचे. शेवटी लाल चौकट तेवढी यांनी रंगवली. आणि तिच्यात पांढऱ्या रंगानं आडवं लिहिलं — शंकर. सातही फळ्यांवर!

मी म्हणलं, "एका तरी फळीवर माझं नाव टाका की."

"येडी झालीस का? बाईनं काढलंय म्हणल्यावर आप्पा फळ्या परत धाडतेल. लोकं हसतेल मला."

लोकं हसतील. दोन महिने पाठ मोडून घेतली तेव्हा नाही कुणी हसलं!

फळ्या लॉजवर नेल्या आणि सुकायला एका खोलीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली यांच्याच खिशात. दोन दिवसांनी दुपारी टांगायला गेलो, फळी धरायला मीपण सोबत. आप्पा होते, जावई होते. यांनी कुलूप काढलं. आप्पांनी चष्मा लावला, वाकून बघितलं.

"शंकर, ही कमल कोण?"

मला वाटलं मला हाक मारली. "जी," म्हणाले मी.

सातही चौकटींत कमल. वर क, खाली म, खाली ल — जपानी अक्षरांसारखं उभं लिहिलेलं. जावयांनी वाचून दाखवलं तेव्हा कळलं की माझं नाव असं दिसतं. तोवर ते कुणी मला दाखवलंच नव्हतं. यांनी टर्पेंटाईननं पुसलं, निघेना. ब्लेडनं खरवडलं, तर खाली नुसता लाल रंग. 'शंकर'चा मागमूस नाही.

यांचं तोंड बघण्यासारखं झालेलं. तिथंच सातही चौकटी परत लाल केल्या, सगळ्यांसमोर ठसठशीत शंकर लिहिलं, कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं — क, म, ल.

आप्पाच म्हणाले, "राहू दे रे. उभं लिहिलंय, गिऱ्हाईक जपानीच समजंल."

घरी आल्यावर यांनी दार लावलं आणि मला विचारलं, "कोन हाय तो? कुणाकडून लिहून घेतलंस?"

बघा! बायकोला अक्षर येत नाही, म्हणजे कुणीतरी पुरुषच असणार. भूत चाललं असतं, जादू चालली असती, पण माझं नाव फुकट कसं आलं हे काही यांना पचेना. त्या दिवसापासून सगळे ब्रश पेटीत, पेटीला कुलूप. गल्लीत चौकशी केली यांनी, माझ्याबद्दल! मी रडले नाही. शेजारणीसोबत प्रौढशिक्षणाच्या वर्गाला जायला लागले. बाई म्हणाल्या 'अ' गिरवा. मी आधी क गिरवला.

लॉज पुढं पाडलं. फळ्या कुठं गेल्या, मालूम नाही. किती जणांना विचारलं मी. कुणी म्हणालं रंगात भेसळ असेल, कुणी म्हणालं दुसरी किल्ली असेल. तर तर! भेसळीला माझं नाव बरं ठाऊक!

पण खरं सांगू... मनात एक शंका मी जपून ठेवलेली. किल्ली यांच्याच खिशात होती ना? वाटायचं, यांनीच गुपचूप जाऊन लिहिलं असेल, आणि मग चौघांत लाज वाटली म्हणून उलटले असतील. त्या एका शंकेवर मी संसार केला.

परवाच्या साली हे नांदेडला दवाखान्यात होते. पेज भरवताना विचारलं, "आता तरी सांगा. ते नाव तुम्हीच लिहिलं होतं ना?" हो म्हणाले असते, खोटं का होईना, तर सगळं सोडून दिलं असतं मी.

यांनी तोंडातला घोट गिळला. म्हणाले, "मी कशापायी लिहू तुझं नाव?"

तिसऱ्या दिवशी गेले. ते कुणी लिहिलं हे मला आजही माहीत नाही. एवढंच माहीत आहे की माझ्या नवऱ्यानं लिहिलं नाही.