कोल्हापूर ते नागपूर: सव्वा तासाचं विमान आणि काकवीची किटली

कोल्हापूरहून नागपूरला विमानानं किती वेळ लागतो, असं मोबाईलला विचारा. तो बिनदिक्कत सांगतो: हवाई अंतर सातशे किलोमीटर, वेळ सव्वा तास. मीही विचारलं आणि भुललो.

धाकटी बहीण पूनम नागपूरला असते. सातवा महिना, पोटात काही ठरत नव्हतं आणि फोनवर एकच घोषा, "घरच्या गुऱ्हाळाची काकवी आणा." रविवारी संध्याकाळी तिचं डोहाळजेवण होतं. आई म्हणाली, विमानानं जाऊ. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, हात झटकले. "त्या डब्यात मी न्हाय बसणार. तुमचं तुम्ही जावा."

शनिवारी दहाचं विमान. मुरगूडहून सहाला भाड्याची जीप निघाली, आप्पा सोडायला बरोबर. कागलला मिसळ खाऊन आठला उजळाईवाडीचा विमानतळ. विमान दिसायच्या आधीच दोन तास गेले, ते मोबाईल धरत नाही.

बॅगा काउंटरवर दिल्या, काकवीची किटली मात्र आईनं दिली नाही. मोलाची वस्तू आमच्याकडं टपावर टाकत नाहीत, मांडीवर घेतात. एसटीत जन्मभर असंच चाललंय. मी शहाणासुद्धा गप्प बसलो.

तपासणीला वर्दीतल्या बाईनं अडवलं. "मावशी, पातळ पदार्थ आत चालत नाही."

"अगं, पातळ कुठं हाय? तार धरतीया, बघ की!" आईनं झाकण काढून बोटानं तार ओढून दाखवली. रांग हसली, बाईही हसली, पण किटली काही आत गेली नाही. बॅगा तर केव्हाच पुढं गेलेल्या. बाहेर आप्पा चहा पीत होते, त्यांना बोलावलं.

"घरला न्या," आई डोळे पुसत म्हणाली. "पोरीच्या तोंडाला आता काय लावू मी?"

आप्पा किटली घेऊन वळले.

आत कळलं, विमानाला उशीर. कारण? 'कामकाजाच्या कारणास्तव'. घ्या! दहाचे तीन वाजले. आतला एक चहा दीडशे रुपये, तोही कोमट. तेवढ्या पैशांत कागलला दोघांची मिसळ झाली होती. जाणार असाल तर पोटभर खाऊन जा.

आकाशात सव्वा तासच लागला, खोटं कशाला बोलू? पूनमच्या दारात पोचलो तेव्हा सहा वाजले होते. म्हणजे झाले बारा तास. तिनं आधी आमच्या हातांकडं पाहिलं. "काकवी?" आईनं मान फिरवली. त्या रात्री पूनमनं दोन घास भात खाल्ला आणि ताट सारलं.

रविवारी तिला पाटावर बसवणार, तेवढ्यात बेल वाजली. दारात आप्पा! शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली, किटली पोटाशी. विमानतळावरून थेट स्टेशन गाठून दुपारची रेल्वे धरलेली. जनरलचा डबा, बसायला अर्धी जागा.

"खाली ठेवली न्हाय," एवढंच म्हणाले.

पूनमनं वाटीचीही वाट पाहिली नाही, उभ्या उभ्या बोटानं चाटली. मग काकवीशी दोन पोळ्या खाल्ल्या, आणि त्या पोटात राहिल्या. आई हसत होती आणि रडत होती.

घरी येऊन चार दिवस झाले. मोबाईल अजून सव्वा तासच सांगतो. काल आप्पा धोतर सावरत होते, तेव्हा त्यांच्या मांडीवर किटलीच्या बुडाचा काळानिळा गोल दिसला.

"दुखतंय का?"

"तुझ्या विमानाएवढं न्हाय," म्हणाले, आणि गुऱ्हाळाकडं चालू लागले.