रोवणीच्या दिवसांतल्या रिकाम्या खाटा

सरकारी दवाखान्यात कुपोषित पोरांच्या वॉर्डातल्या खाटा बहुतेक रिकाम्या होत्या. पाहणीला आलेले साहेब त्या बघून खूश झाले, कुपोषण बरंच कमी झालं म्हणाले. मला रागच आला. पोरं काही सुधारली नव्हती, घरीच होती, तशीच वाळलेली. भंडाऱ्यात येऊन बसायला त्यांच्या आया मोकळ्या कुठे होत्या? शेतात भाताची रोवणी सुरू होती. भात रोवून झालं की या खाटा पुन्हा भरतात, हे सिस्टरलाही ठाऊक होतं.

मीच तेवढी अडकले होते. अंगणवाडीच्या बाईंनी पिच्छा पुरवून मला नि माझ्या दीड वर्षाच्या पोराला इथे आणून टाकलं. थोरली पोरगी घरी सासूजवळ. आईनं पोराला सोडून जायचं नाही, हा इथला नियम. चहाला बाहेर पडलं तरी सिस्टर विचारायची, कुठे निघालीस?

सानगडीकडच्या आमच्या गावात बायका एकमेकींची रोवणी मिळून करतात. आज तुझ्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उद्या माझ्या. मी यंदा कुणाच्याच बांधीत उतरले नव्हते, मग माझ्या बांधीत कोण उतरणार? इकडे रोपं जून होत चाललेली. ती वेळेत लागली नाहीत तर वर्षाच्या भाताचं काही खरं नव्हतं. नवऱ्याचा रोज फोन, कधी येतेस? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्यात पोरगं खाईना. घास तोंडाशी नेला की मान फिरवायचं. शेवटी मी ठरवलं, आजही खाल्लं नाही तर सिस्टर काहीही म्हणो, दुपारच्या एसटीनं घर गाठायचं. खोटं कशाला सांगू, त्यानं खाऊ नये असंच मला वाटत होतं.

दुपारी खिचडी आली. त्यानं एक घास घेतला, मग दुसरा. वाटी संपली तसं माझं बोट धरून पुन्हा वाटीकडे नेलं. सिस्टर हसली. मला रडू आलं.

नवऱ्याला फोन करून म्हटलं, "तो खाऊन राहिला जी. मी नाही येत."

तो म्हणाला, "मंग मायलेच उतरवतो बांधीत, तुह्या जागी."

सासूला धड वाकताही येत नाही. मी बरं म्हटलं. दिवसभर थोरलीला मग कोण जेवू घालणार, हा विषय ना त्यानं काढला, ना मी.