तापलेला फोन

आमच्या एसटीच्या दारात एक बाई जुना फोन हातात धरून उभी होती. तिचं तिकीट फोनमध्ये होतं आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत होतं. गाडी सुटायच्या बेतात होती. कंडक्टर म्हणाला, "ताई, तिकीट दाखवा, नाहीतर मागच्या गाडीने या."

"उघडतंय हो, थांबा जरा," म्हणत तिने फोन या हातातून त्या हातात घेतला. फोन चांगलाच तापला असावा.

मी प्रोग्रॅमर आहे. आमच्या ऑफिसातले जुने लॅपटॉपही असेच तापायचे. कुणी ढिसाळ कोड चालवला की त्याच्या लॅपटॉपचा पंखा घोंघावायचा आणि लगेच कुणीतरी ओरडायचं, "अरे, कुणाचा कुकर लागलाय?" ज्याचा असेल तो ओशाळून कोड सुधारायला बसायचा. मग नवे, दमदार लॅपटॉप आले. त्यांच्यावर काहीही चालवा, आवाज म्हणून नाही. कुकरची चेष्टा बंद पडली आणि आम्हाला वाटायला लागलं, आपण आता चांगलं लिहितो.

पंख्याचा आवाज गेला, पण ती धग कुठे गेली, हे कुणी विचारलंच नाही.

कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला. बाई खाली उतरली. तिकिटाचं ते ॲप आमच्या कंपनीचं नव्हतं, तरी तिच्याकडे बघवेना. खिडकीतून दिसलं, फोन पदरात धरून ती त्यावर फुंकर घालत होती.

माझ्या खिशातला नवाकोरा फोन थंडगार होता.