अक्काचा दुसरा आवाज

घशाच्या कॅन्सरमध्ये अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, आवाज गेला. मी तिच्या लॅपटॉपवर लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाकली आणि टाइप केलेलं मोठ्याने वाचणारा एक प्रोग्राम बसवला. आवाज बाईचा, पण सर्दी झाल्यासारखा, आणि अहिराणीची तर तो पार वाट लावायचा. तरी जळगावातून अक्का रोज संध्याकाळी त्याच आवाजात सोनगीरला मायशी फोनवर बोलायची. मायला दिसत नाही, त्यामुळे लिहून दाखवायची सोय नव्हती. ऑपरेशनने आवाज बदलला, एवढंच आम्ही तिला सांगितलं होतं. तिनेही तो लेकीचाच म्हणून धरला.

जुन्या सिस्टिमवर बँकेचं पान उघडेना, म्हणून अक्काने मला अपग्रेड करायला बोलावलं. ते अर्ध्यात अडकलं. आवाजाच्या प्रोग्रामला जुनी लायब्ररी, म्हणजे तो चालायला लागणारी मदतीची फाइल, हवी, बाकी सगळ्यांना नवी, आणि दोघी एका घरात नांदायला तयार नाहीत. जुनी शोधून आणली, तर तिला त्याहून जुनं काहीतरी पाहिजे. तेही दिलं, तर अख्खा डेस्कटॉप काढून टाकू का, असं मशीनने निर्लज्जपणे विचारलं. माझं डोकंच फिरलं. जुनी सिस्टिम परत टाकायची तर दुसरा दिवस उजाडणार, आणि अक्काचा फोन चुकला की माय जेवत नाही. शेवटी तो प्रोग्राम काढला, तेव्हा कुठे अपग्रेड पुरं झालं. नव्या सिस्टिमवर चालणारा दुसरा आवाज बसवला. चांगला स्वच्छ, गोड, बातम्या देणाऱ्या बाईसारखा.

अक्काने फोन लावला आणि टाइप केलं, "माय, जेवनी का?"

"कोन शे वं तू? मन्ही पोरले फोन दे."

"मीच शे, माय," तो गोड आवाज म्हणाला.

मी मध्ये पडलो. मशीन, प्रोग्राम, सगळं खरं सांगून टाकलं.

"तू चूप ऱ्हाय," माय माझ्यावर ओरडली. "माले खोटं नको सांगू." मग ती त्या परक्या बाईलाच विनवू लागली. "बाई, तू तरी खरं सांग. मन्ही पोर जित्ती शे ना?"

अक्काच्या डोळ्यांना धार लागली होती. तिने काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं आणि बटण दाबलं.

"जित्ती शे, आजी."